हटवारकाकांची पाऊण जीबी

हटवारकाकांनी नागपूरहून मेमरी आणली ती चष्म्याच्या घरात घालून. चष्मा शर्टाच्या खिशात उघडा, आणि त्याच्या घरात मऊ फडक्यावर ती हिरवी पट्टी निजवलेली. दुकानदाराने दिलेली प्लास्टिकची पिशवी त्यांना भरवशाची वाटली नव्हती. माझ्या टेबलावर ते घर उघडून ते जरा मागे सरकून उभे राहिले, सोनारापुढे दागिना ठेवल्यावर माणूस राहतो तसे.

"चार आहेत जी," ते म्हणाले. "बराबर चार. बसवून द्या."

पवनीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पुढच्या अर्ध्या भागात नवऱ्याचं कृषी केंद्र, मागच्या अर्ध्यात मी. युरियाच्या पोत्यांमधून वाट काढत माझ्यापर्यंत यावं लागतं, त्यामुळे ज्याचं खरंच अडलंय तोच येतो. हटवारकाकांचं अडलं होतं. लग्नपत्रिका, नाटकांची पोस्टरं, दशक्रियेची कार्डं असं सगळं जुळवून देण्याचं त्यांचं दुकान होतं, आणि त्यांचं यंत्र हल्ली मोठा फोटो पाहिला की मान टाकत होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं, मेमरी वाढवा. ते सकाळच्या बसने नागपूरला गेले आणि मेमरी घेऊन आले. मला विचारलं असतं तर मी आधी दुसरं काही विचारलं असतं, पण काकांना विचारण्याची सवय नव्हती.

यंत्र ते दुकानाबाहेर काढू देत नसत. म्हणून मीच स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांच्याकडे गेले, जुनी पट्टी काढली, नवी बसवली आणि यंत्र सुरू केलं. पडद्यावर मेमरीचा आकडा आला: चार. आणि पुढे कंसात, वापरण्याजोगी सव्वातीन.

दुसऱ्या कुणी तो कंस पाहिलाही नसता. पण काकांचा जन्म प्रुफं वाचण्यात गेलेला. त्यांनी पडद्याला नाक लावलं.

"हे सव्वातीन काहून?"

"तेवढीच त्याला दिसते."

"चार घेतली न मी. पाऊण कुठी गेली?"

मी त्यांना सांगितलं की मेमरी चारच आहे, पण यंत्र चालवणारी तुमची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी आहे, बत्तीस बिटची. तिला चारच्या पुढचे पत्ते लिहिताच येत नाहीत, आणि त्या चारमधलेही काही पत्ते पडदा, प्रिंटर वगैरे मंडळींसाठी आधीच राखलेले असतात. काकांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने पुन्हा नागपूरला गेले. भांडायला.

संध्याकाळी परत आले ते खुशीत. दुकानदाराने ती पट्टी स्वतःच्या यंत्रात लावून दाखवली होती, आणि तिथे चारच्या चार दिसले होते. मानूस चांगला आहे जी, ते म्हणाले, चहा पाजला त्यानं. म्हणजे मी आदल्या दिवशी जे सांगितलं तेच सिद्ध करायला ते एवढा प्रवास करून आले होते. मी तसं म्हटलं. त्यांना ते फारसं लागलं नाही.

मग त्यांच्या दुकानात पट्टी परत बसवताना मी त्यांना लग्नाच्या भाषेत सांगितलं. मांडवात चार पंगतींची जागा आहे. पण वाढपी असा, की त्याला चारच्या पुढे मोजता येत नाही, आणि त्या चारातही पाऊण पंगत त्याने बँडवाले, फोटोवाले यांच्यासाठी अडवून ठेवलेली. उरली सव्वातीन. मांडव कितीही वाढवा, हा तेवढंच वाढणार.

"मंग वाढपी बदलवा," काका लगेच म्हणाले.

आतल्या दारातून त्यांच्या बायकोचा, वच्छलाकाकूंचा आवाज आला. "पाऊण पंगत उपाशी बसली का जी तेथी?"

वाढपी बदलता आला असता. पण काका ज्या प्रोग्रॅममध्ये मराठी जुळवत होते तो इतका जुना होता, की चौसष्ट बिटच्या नव्या सिस्टीमवर तो उघडलाही नसता. नवा वाढपी सगळ्या पंगती पाहील, मी म्हटलं, पण त्याला तुमची भाषा येणार नाही.

काका चष्म्याचं रिकामं घर टप्पकन मिटून म्हणाले, "मंग राहू द्या. पाऊणची जागा ठेवून देऊ. लागन कवातरी."

जागा ठेवून देणं हा त्यांचा स्वभावच होता. तो सांगायचा तर आधी त्यांचं दुकान सांगायला हवं.

काका मूळचे खिळे जुळवणारे. शिशाचे उलटे खिळे एकेक वेचून ओळ उभी करायची, हे काम त्यांनी पवनीच्या एका छापखान्यात उमेदीची सगळी वर्षं केलं. छापखाना बंद पडला तेव्हा पन्नाशी उलटली होती. त्या वयात ते नागपूरला भाच्याकडे राहून कॉम्प्युटरवर मराठी जुळवायला शिकले आणि परत येऊन घराच्या पुढच्या खोलीत दुकान घातलं. खोलीला दोन दारं. एक रस्त्याकडे, दुसरं आतल्या घराकडे. रस्त्याच्या दाराशी गिऱ्हाइकांचं बाकडं, आतल्या दारात काकूंचा पाट.

अक्षरांना ते शेवटपर्यंत खिळेच म्हणाले. फाइल जतन केली की, जुळवलेले खिळे दोऱ्याने बांधून ठेवावेत तसं, "बांधला" म्हणत. छापखान्यात कामानंतर हात धुवावे लागत, शिशामुळे. कॉम्प्युटरवर बसताना ते आधी हात धूत. कशासाठी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, लोकांच्या घरची नावं आहेत जी. पडद्यावर काकूंच्या जुन्या लुगड्याची झालर असलेलं झाकण असे, हिरव्या काठाचं. कीबोर्डवर त्यांची बोटं धावत नसत. अंगठा आणि दोन बोटं चिमटीसारखी वर जात आणि एकेका कळीवर उतरत. ते टाइप करत नव्हतेच, वेचत होते. वेगाची अपेक्षा धरून आलेला माणूस पाच मिनिटांत बाकड्यावर पाठ टेकायचा.

पत्रिका ते कधीही कोऱ्यापासून करत नसत. त्या घरची मागची पत्रिका उघडायची, म्हणजे थोरल्याच्या लग्नाची, नाहीतर आत्याच्या. गेलेल्यांच्या नावापुढे कैलासवासी लावायचं, आलेल्या सुना घालायच्या, वर-वधू बदलायचे. त्यामुळे त्यांच्या यंत्रात पवनीच्या आसपासच्या गावांतली घरंच्या घरं होती, दोन-दोन पिढ्यांची.

आणि मग वाचन. ही त्या दुकानाची रीत होती, आणि तिच्यातून सुटका नव्हती. पत्रिका जुळवून झाली की काका खुर्ची वळवून आतल्या दाराकडे तोंड करत आणि पहिल्या श्रीपासून मोठ्याने वाचत. वाचताना प्रत्येक नावानंतर एक दम थांबत. आत काकू तांदूळ निवडत नाहीतर लाखोळीची भाजी मोडत बसलेल्या. काकूंना वाचता येत नव्हतं. पण माहेर कोंढ्याचं, बहिणी चार गावांत दिलेल्या, आणि स्वतः प्रत्येक लग्नाच्या मांडवात हजर. कुणाच्या घरी कोण, हे त्यांना आपल्या स्वयंपाकघरातले डबे माहीत असावेत तसं माहीत होतं. नाव बरोबर असलं की त्या "हूं" म्हणत. चुकलं किंवा सुटलं की तांदळातला हात थांबे.

"थांबा जी. लहान्या सुनेच्या मायकडचं कोनीच नाई का त्याच्यात?"

गिऱ्हाईक कपाळाला हात लावी आणि घरी फोन करी. सुरुवातीला लोक चिडत. आमच्या घरची नावं आम्हाला माहीत नाहीत का, वगैरे. पण आमच्याकडे पत्रिकेत नाव सुटलं की ते माणूस वर्षानुवर्षं त्या घरचं पाणी पीत नाही. दोनचार घरं काकूंच्या एका "थांबा"ने वाचली, आणि मग उलट झालं. काकूंनी ऐकलं का, असं लोकच विचारायला लागले. काकू लग्नाला गेल्या असल्या तर परत येईपर्यंत पत्रिका अडकून राहायची.

एकदा एका घरचे गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. वाचताना काकूंचा हात थांबला. मुलीच्या मोठेबाबांचं, म्हणजे या गृहस्थांच्या थोरल्या भावाचं नाव नव्हतं. काकूंनी विचारलं, तर ते म्हणाले, घालायचंच नाही. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं वाजलं होतं, हे सगळ्या पवनीला माहीत होतं. मी त्या दिवशी प्रिंटर दुरुस्त करायला तिथे होते. मला वाटलं आता काकू चार शब्द सुनावणार. त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि तांदूळ निवडू लागल्या.

काकांनी प्रूफ काढून हातात दिलं. निमंत्रकांच्या रांगेत सगळ्यात वर एक ओळ कोरी होती. दात पडल्यासारखी दिसत होती.

"हे काय?"

"जागा ठेवतो जी," काका म्हणाले. "नाई लागली तं काढून टाकू. दोन मिनटाचं काम आहे."

गृहस्थ ते प्रूफ घेऊन घरी गेले. घरात ते कुणीकुणी पाहिलं आणि कोण काय म्हणालं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली आणि नाव घाला म्हणून सांगून गेली. ते स्वतः रस्त्यावर मोटरसायकलवरच बसून राहिले, गाडी बंद न करता. लग्नात थोरले भाऊ आले, शेवटच्या पंगतीला बसले, कुणाशी न बोलता जेवले आणि गेले. भांडण मिटलं असं नाही. धुरा अजून तसाच आहे. पण आले.

मेमरीचं दुखणं मात्र दर हिवाळ्यात वर यायचं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक पाहिजेच. पूर्वी नाटकाचं पोस्टर म्हणजे अक्षरं आणि एखादा ठसा. आता नटनट्यांचे मोठाले रंगीत फोटो, त्यांवर चमक, मागे डोंगर, आग आणि विमान. काका एकेक फोटो चिकटवत जायचे आणि यंत्र श्वास कोंडल्यासारखं करायचं. एकदा एका गावचे तीन कार्यकर्ते बाकड्यावर बसले होते आणि पडद्यावर नायकाचं नुसतं डोकं येऊन थांबलं होतं, गळ्याखाली पांढरं. काकांनी माउस सोडला, हात वर केले.

"हात लावू नका कोनी. विचार करून राहिला तो."

ते तिघे खरोखर दबक्या आवाजात बोलू लागले. आतून काकू म्हणाल्या, "माह्यासारखाच आहे. दोन कामं एकदम सांगतली का बसते."

मी तेव्हाही सांगितलं होतं की फोटो मेमरीत मावत नाहीत, सिस्टीम बदलल्याशिवाय मावणार नाहीत. रस्त्यापलीकडे फ्लेक्सचं नवं दुकान निघालं होतं. तिथे तेच पोस्टर चहा संपेपर्यंत तयार होत होतं. पोस्टरांची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे सरकली. पत्रिकांची राहिली, कारण तिकडे काकू नव्हत्या.

मग एका पावसाळ्यात, भाताच्या रोवण्याच्या दिवसांत काकू गेल्या. ताप आला, भंडाऱ्याला नेलं, तिथेच संपल्या. तेराव्यानंतर काकांनी दुकानाचं दार लावून घेतलं ते दिवाळीपर्यंत उघडलं नाही. मुलगा नागपूरला नोकरीला. तो म्हणत होता, चला आमच्याकडे. काका म्हणत होते, पाहू.

दिवाळीनंतर दार उघडलं. पाट आतल्या दारात तसाच होता. काका पत्रिका जुळवत, पण वाचत नसत. प्रूफ गिऱ्हाइकाच्या हातात देऊन म्हणत, तुमीच पाहून घ्या. मागची पत्रिका उघडून तिच्यावरून करत असल्यामुळे फारशी चूक होत नसे. जुन्या नावांत काकूंच्या दुरुस्त्या आधीच होत्या.

यंत्राची डिस्क तेव्हा कुरकुरायला लागली होती. मी ठरवलं, आता हे टाळून चालणार नाही. माझा लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले आणि काही पत्रिका आणि एक पोस्टर पेन ड्राइव्हने त्यात घेतलं. मेमरी भरपूर, सिस्टीम नवी, पोस्टर डोळ्यांदेखत उघडत होतं. ते त्यांना दाखवलं. काका खूश झाले, विमान फारच छान दिसते म्हणाले. मग मी एक पत्रिका उघडली.

ती कोंढ्याच्या दिघोऱ्यांची होती, थोरल्या मुलीच्या लग्नाची. जिथे श्री असायला हवा होता तिथे इंग्रजी अक्षरं, टक्क्याची खूण, उलटा कंस. पानभर तेच. जुना प्रोग्रॅम मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवत असे. तो नसला की खालची इंग्रजी उघडी पडते. मी हे समजावून सांगत होते. काका ऐकत नव्हते. त्यांनी बोट लांब केलं आणि पडद्यावरच्या एका ओळीवर ठेवलं. ओळीत काहीच वाचता येत नव्हतं, पण ती कितवी ओळ हे त्यांना माहीत होतं.

"इथं तिनं आत्याचं नाव घालाले लावलं होतं," ते म्हणाले. "दिघोरे इसरले होते."

मी म्हटलं, जुन्या अक्षरांची नवी करणारे प्रोग्रॅम मिळतात. एक चालवूनही दाखवला. मराठी दिसू लागली, पण जोडाक्षरं मोडली होती. प्रल्हादचा अर्धा भाग एका ओळीत, उरलेला दुसऱ्या ओळीत. काकांनी चष्मा वर सरकवला आणि वाचत गेले. दर ओळीत चूक. त्यांच्या यंत्रात अशा किती पत्रिका होत्या ते आम्ही दोघांनीही मोजलं नाही.

"हे सारं पुन्हा कोन तपासन?" त्यांनी विचारलं.

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

"मले नको हे, बाई," ते म्हणाले. "तिनं सांगतलेली नावं आहेत त्याच्यात. ते मले वाचता आली पायजेत. बाकी काई नाई आलं तरी चालते."

लॅपटॉप मिटून मी घरी आले. हट्टी गिऱ्हाईक म्हणून मी त्यांना सोडून दिलं असतं. पण त्यांची अडचण हट्टाची नव्हती, आणि अडचण नीट कळली की ती सोडवल्याशिवाय मला चैन पडत नाही. तो माझ्या धंद्याचा भाग आहे.

पुढच्या उन्हाळ्यात, लग्नाच्या ऐन गर्दीत, काका युरियाच्या पोत्यांमधून वाट काढत माझ्याकडे आले. त्यांनी चष्म्याचं घर टेबलावर ठेवलं आणि उघडलं. आत तीच हिरवी पट्टी.

"यंत्र गेलं जी. धूर निघाला. ही काढून घेतली. हे तरी वाचली का पाहा."

पट्टी वाचली होती. मुख्य बोर्ड जळला होता. डिस्क, सुदैवाने, कुरकुरत का होईना, जिवंत होती. आणि त्याच दिघोऱ्यांच्या धाकट्या मुलीची पत्रिका व्हायची होती. दिघोरे सकाळी येऊन बाकड्यावर बसून गेले होते. पलीकडच्या दुकानात जा असं काकांनीच त्यांना सांगितलं होतं. ते गेले नव्हते. सांगताना काकांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ते चष्म्याच्या घराचं झाकण सारखं उघडमीट करत होते.

"तिच्या माहेरचं काम आहे," ते म्हणाले. "अन् नावं आत अडकली."

मी आधी डिस्कची अख्खी नक्कल करून घेतली. मग माझ्याकडचं एक वापरलेलं, पण बरं यंत्र काढलं. त्यात चार जीबी मेमरी होती आणि त्याच जातीच्या पट्टीसाठी दुसरी खाच रिकामी होती. काकांची पट्टी तिथे बसली. आठ झाली. वर चौसष्ट बिटची नवी सिस्टीम घातली. आणि मग जे मी त्या लॅपटॉपच्या दिवसापासून डोक्यात घोळवत होते ते केलं. नव्या सिस्टीमच्या आत, एका खिडकीत, काकांची जुनी सिस्टीम जशीच्या तशी चालू केली. अशी सोय असते. जुन्या सिस्टीमला कळतही नाही की आपण दुसऱ्याच्या घरात आहोत. तिला वाटतं हेच आपलं यंत्र. फक्त त्यासाठी मेमरी जास्त लागते, कारण दोघींना वेगवेगळी द्यावी लागते. ती आधीच्या यंत्रात कधीच मिळाली नसती. पहिल्या दिवशी जुनी सिस्टीम चालली नाही, दुसऱ्या दिवशीही अडून बसली. नवऱ्याने दोनदा येऊन जेवायला हाक मारली. तिसऱ्या दिवशी चालली.

यंत्र घेऊन मी काकांच्या दुकानात गेले आणि ते लावून दिलं. दिघोरे बाकड्यावर होतेच.

"मांडव नवा, वाढपी नवा," मी काकांना सांगितलं. "पण मांडवातच एक खोली काढून जुन्या वाढप्याला दिली आहे. त्या खोलीत त्याचंच राज्य. पोस्टर बाहेर करा, पत्रिका आत."

काका पडद्याजवळ गेले. "आता किती दिसून राहिली?"

"आठच्या आठ."

"पाऊणही?"

"पाऊणही."

"जुन्याले किती देली?"

"दोन. त्याला दोन पुरते."

काकांनी मान हलवली. "सव्वातीन द्या जी. तेवढ्याची सवय आहे त्याले. काहून कमी करता?"

दोनमध्ये आणि सव्वातीनमध्ये त्या कामाला काही फरक पडणार नव्हता. मी आकडा बदलून सव्वातीन दिली.

मग त्यांनी त्या खिडकीत दिघोऱ्यांची थोरल्या मुलीची पत्रिका उघडली. श्री आपल्या जागी आला. खाली निमंत्रक, मामा, आत्या, सगळे रांगेने आले. काकांनी आत्याच्या ओळीपर्यंत वाचलं आणि एकदम उठून आत गेले. मला वाटलं त्यांना भरून आलं असेल, आणि मी तारा गुंडाळायला लागले. पण आतून नळाचा आवाज आला. ते हात धुवायला गेले होते. गडबडीत हात न धुताच बसले होते.

त्यानंतर ते दोन वर्षं त्या यंत्रावर काम करत होते. पोस्टरं पुन्हा यायला लागली, फार नाही, पण यायला लागली. मागच्या वर्षी ते गेले. मुलगा यंत्र घेऊन माझ्याकडे आला, सगळं पुसून विकून टाका म्हणाला. मीच ते ठेवून घेतलं. लोक अजून येतात, आमच्या घरची मागची पत्रिका आहे का विचारत, आणि बहुतेकांची असते. उपयोगाची वस्तू पुसायची कशाला?

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या उन्हाळ्यात. यंत्रातली धूळ उडवून द्यायला मी ब्लोअर घेऊन गेले होते. दुपारची वेळ होती. बाकड्यावर कुठल्याशा गावचं एक कुटुंब बसलेलं, नवराबायको आणि एक म्हातारी. कुणाची पत्रिका होती ते मला माहीत नाही. काकांनी खुर्ची आतल्या दाराकडे वळवली होती आणि ते मोठ्याने वाचत होते. त्यांनी वाचन पुन्हा कधी सुरू केलं, मला कळलंच नव्हतं.

एक नाव वाचायचे आणि एक दम थांबायचे, पूर्वीसारखेच. दारातल्या पाटावर कुणी नव्हतं. पुढचं नाव, पुन्हा तसंच थांबणं. ती शांतता इतकी नीट ठेवलेली होती की बाकड्यावरच्या माणसांना ती ऐकू येत होती. दोन-तीन नावं झाल्यावर ती बाई चुळबुळ करू लागली. चौथ्या-पाचव्या नावानंतर काका थांबले तेव्हा ती नवऱ्याला कोपराने ढोसून म्हणाली, "भाऊजीची सासू राहिली न जी. एकटी रायते ते."

काकांनी आधी पाटाकडे पाहिलं. मग खुर्ची वळवून, चिमटीने एकेक अक्षर वेचत ते नाव घातलं. पुन्हा खुर्ची फिरवली, दाराकडे तोंड केलं, ते नाव वाचलं आणि थांबले.

बाकड्यावरून म्हातारी म्हणाली, "हूं."

काकांनी पुढचं नाव वाचायला घेतलं. मी ब्लोअर पिशवीत परत ठेवला. त्याचा आवाज फार होतो, आणि धूळ काय, नंतरही निघाली असती.